पुड्यावरचं नाव

आज जाहिरातींबद्दल बोलायचं आहे. मालिका ऐन रंगात आली की मध्येच येतात आणि आपण उठून भाजी परतून येतो, त्या जाहिराती. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या, साबणाच्या कागदावर छापलेल्या, दुकानात माळेसारख्या टांगलेल्या. त्यांनाही इतिहास आहे. कुणाच्या घरात काय घडलं, कुणाच्या आईची सवय काय होती, कुणाची मुलगी गेली, अशा गोष्टींतून त्या जन्मल्या आहेत. आपल्या गटांचं पापड, लोणचं, हळद, मोहफुलांचे लाडू आता पुड्यात बांधून विकायला जातात, म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे. त्याचा एक धागा आपल्या गोंदियातून जातो, तेव्हा सुरुवात घरूनच करू.

गोंदियाला आज लोक धानाच्या गिरण्यांवरून ओळखतात. पण जुन्या माणसांना विचारा, ती म्हणतील, हे बिडीचं गाव. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे निघाली, तिच्यावर गोंदिया स्टेशन आलं. पुढं १९०३ ते १९०५ च्या सुमारास गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला छोटी लाईन सुरू झाली. जंगलात तेंदूपत्ता होता, धान कापून झाल्यावर रिकामे राहणारे हात होते, आणि आता माल न्यायला गाडीही आली. तंबाखू तेवढा बाहेरून यायचा, गुजरातेतून, निपाणीकडून. गुजराती व्यापारी या भागात आले, बिडीचे कारखाने निघाले. जबलपूरला मोहनलाल हरगोविंददास, आपल्याकडे छोटाभाई जेठाभाई, मनोहरभाई पटेल, ही त्या धंद्यातली मोठी नावं. बिडीच्या पैशातून शाळा-कॉलेजंही उभी राहिली. मनोहरभाईंनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली ती १९५८ साली.

आता व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा. सगळ्या बिड्या दिसायला सारख्याच. तेच पान, तसाच तंबाखू, तसाच दोरा. मग गिऱ्हाइकानं पानठेल्यावर माझीच बिडी का मागावी? आणि मागणार तरी कशी? १९०१च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातल्या जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होतं. नाव छापून काय उपयोग! म्हणून बंडलावर चित्र आलं. वाघ, सिंह, टेलिफोन, देव, नाहीतर खुद्द मालकाचाच फोटो, पगडी-टोपीसकट. कुणी नुसता आकडाच टाकला. "वाघ दे", "टेलिफोन दे" म्हटलं की दुकानदाराचा हात बरोबर त्या बंडलावर जायचा. अक्षर न येणाऱ्या माणसालाही आपली वस्तू ओळखता यावी, याहून सोपी आणि पक्की जाहिरात मला तरी माहीत नाही. हातभर कागदाची गरज नाही, दोन बोटांएवढा पातळ कागद पुरे.

चित्र चाललं की नकलाही आल्या. खोटं चिन्ह लावून माल विकणं हा गुन्हा आहे, असा कायदा इंग्रजांनी १८८९ सालीच केला होता. चिन्ह सरकारदरबारी नोंदवून आपल्या मालकीचं करण्याची सोय १९४०च्या ट्रेडमार्क कायद्यानं झाली. म्हणजे जमिनीचा सातबारा असतो, तसा चित्राचाही सातबारा होऊ लागला.

आणि इथंच मला थांबावंसं वाटतं. कारण त्या लेबलानं गिऱ्हाइकाला एक वचन दिलेलं असतं: या चित्राची बिडी नेहमी सारखीच मिळेल, ना सैल, ना फाटकी, ना कमी तंबाखूची. ते वचन मालक देतो. पाळत कोण होतं? घरोघरच्या बाया. कारखानदाराकडून सट्टेदार पानं आणि तंबाखू आणायचा, बायांना वजनावर वाटायचा, बाया घरी बसून पानं भिजवायच्या, कापायच्या, वळायच्या, आणि हजाराच्या हिशेबानं बिड्या परत करायच्या. मग निवड व्हायची. ज्या बिड्या पसंत पडल्या नाहीत त्या बाजूला काढायच्या. त्याला आपल्याकडं छाट म्हणतात, हे अनेकींना सांगायला नको. छाटीच्या बिड्यांची मजुरी नाही. माझी आत्या सुपडं मांडीवर घेऊन कंदिलाच्या उजेडात वळायची. पान कुजकं आलं तरी छाट तिच्याच नावावर, हा तिचा रोजचा घोर. तिच्या मांडीवरून गेलेल्या बंडलावर चित्र होतं, ठसठशीत, गुलाबी कागदावर. त्यात तिचं काही नव्हतं.

हे नुसतं घरातलं रडगाणं नव्हतं बरं का. छाटीचा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तोही गोंदियाच्या नावानं. १९५८ साली त्या वेळच्या मुंबई सरकारनं विदर्भातल्या बिडी कामगारांसाठी किमान मजुरीची अधिसूचना काढली. तिच्यात मजुरीचे दर तर होतेच, पण छाट किती काढायची, वाद झाला तर कुणी सोडवायचा, याचीही कलमं होती. गोंदियाच्या बिडी, बिडीपत्ता आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेनं ती अधिसूचना कोर्टात नेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये निकाल लागला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. मजुरीचे दर ठरवायचा अधिकार सरकारला आहे, पण छाटीबद्दलची कलमं किमान वेतन कायद्याच्या अधिकारात बसत नाहीत, असं कोर्टानं म्हटलं आणि ती कलमं रद्द झाली. कायद्याच्या शब्दांकडं पाहिलं तर निकालाला कारण आहे. पण त्या वर्षी आपल्या गावांतल्या बायांच्या पदरात काय पडलं, तेही दिसतंच आहे. पुढं १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात कच्चा माल देण्यावरून, माल नापसंत करण्यावरून आणि त्याच्या मजुरीवरून वाद झाला तर तो सोडवण्याची तरतूद आली. म्हणजे वचन देणाऱ्या चित्राला कायद्याचं संरक्षण मिळालं १८८९ साली, आणि वचन पाळणाऱ्या हातांना १९६६ साली. मधे किती वर्षं गेली, ती तुम्हीच मोजा.

बिडीच्या लेबलाची बुद्धी मात्र खरी होती. वस्तूवर विश्वास बसवायचा कसा, हाच जाहिरातीचा सगळा प्रश्न. आपल्या महाराष्ट्रात तो प्रश्न एका माणसाला फार वेगळ्या रीतीनं भेटला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, ते सोडून बेळगावला आले, सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करू लागले. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या माणसाला वेड्यात काढून उपयोग नव्हता. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं. जमीन त्याची, धोका त्याचा. लक्ष्मणरावांना शेतकऱ्यांपुढं नांगर चालवून दाखवावा लागला, समजूत घालावी लागली. १९१० साली औंध संस्थानच्या राजानं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि कारखाना तिथं गेला.

या कारखान्यात त्यांचे पुतणे शंकरराव आले. शंकरराव मुळात चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडं चित्रकला शिकलेले. कारखान्याला चित्रकार कशाला, असं कुणालाही वाटेल. पण जाहिरातीचं काम त्यांच्याकडं आलं, आणि १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या, नांगर कसा वापरायचा, काय नवं निघालंय, ते गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावं एवढाच हेतू. पण शंकररावांना एक कळलं. नुसत्या नांगराच्या बातम्या कोण वाचणार? माणसाला उपयोगी, मनाला धरून ठेवणारं काही दिलं, तर ते पत्रक घरात टिकतं. म्हणून गोष्टी आल्या, लेख आले, सामाजिक प्रश्न आले. पत्रकाचं मासिक झालं, नावातलं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. आणि १९३० साली त्याच घरातून बायकांसाठी वेगळं मासिक निघालं, 'स्त्री'.

पुढं कित्येक वर्षं 'स्त्री'मधून बायकांचं शिक्षण, लग्न, नोकरी, विधवांचं जिणं यांवर लिहिलं गेलं, वाद झाले. विद्या बाळ तिथं घडल्या, १९८३ ते १९८६ संपादक होत्या, आणि १९८९ साली त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. आज तुमच्या-माझ्यासारख्या बाया मासिकात लिहितात, वाचतात, त्या रस्त्याच्या मागं मागं गेलं तर एका टोकाला लोखंडी नांगराची जाहिरात सापडते. मला ही गोष्ट फार आवडते. विकणाऱ्यानं आधी वाचणाऱ्याला काहीतरी दिलं, आणि ते देणं मूळ मालापेक्षाही मोठं होऊन बसलं.

याच काळात शहरात दुसरी तऱ्हा चालू होती. वस्तूशेजारी सुंदर चेहरा उभा करायचा. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा एक भारतीय नटी झळकली. ती होती आपली मराठी लीला चिटणीस. पदवीधर बाई सिनेमात आली याचंच तेव्हा अप्रूप होतं आणि तिच्या सिनेमाच्या जाहिरातीतही ते मिरवलं जायचं. शिकलेली बाई हीच जाहिरात! असो. त्यानंतर त्या साबणावर किती नट्या आल्या, त्याची गणती नाही. पण चेहऱ्याची जाहिरात मला फारशी खोल वाटत नाही. चेहरा बदलला तरी साबण तोच. पार्लेच्या बिस्किटावरच्या गुबगुबीत मुलीची गोष्ट त्याहून मजेची. ती मुलगी म्हणजे अमुक बाई, तमुक बाई, असे निरोप मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात, सोबत एखाद्या आजींचा फोटोही असतो. खरं म्हणजे ती कुणीच नाही. १९६०च्या दशकात मगनलाल दहिया नावाच्या जाहिरात चित्रकारानं काढलेलं ते चित्र आहे. तुमच्या गटावर असा निरोप आला तर पुढं पाठवू नका.

पण एका पुड्यावरची मुलगी खरी होती. अहमदाबादचे करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खाणकाम-भूगर्भ खात्यात प्रयोगशाळेत नोकरी करायचे. १९६९ साली घराच्या परसात त्यांनी कपडे धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली. हातानं कालवायची, पिशव्यांत भरायची, आणि सायकलवरून दारोदार विकायची. त्या वेळी सर्फ ही मोठ्या कंपनीची पावडर होती, महागडी, शिकल्या-सवरल्या घरांत जाणारी. करसनभाईंची पावडर तिच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. पसंत पडली नाही तर पैसे परत, हे आणखी वर. पावडरला नाव दिलं निर्मा. त्यांच्या मुलीचं नाव निरुपमा होतं, लाडानं निर्मा. ती मुलगी अपघातात गेली. पुड्यावर गिरकी घेणारी, पांढऱ्या झग्यातली मुलगी आजही आपण बघतो, ती तिच्या आठवणीतली. कपडे पिळताना हे कुणाच्या ध्यानातही येत नसेल. बापानं मुलीचं नाव देशभरच्या न्हाणीघरांत पोचवलं. १९८०च्या दशकात निर्मानं सर्फला मागं टाकलं.

मोठी कंपनी गडबडली. स्वस्त पावडरला उत्तर कसं द्यायचं? किंमत कमी करून भागणार नव्हतं. जाहिरात बनवणारे होते अलेक पदमसी, मुंबईच्या जाहिरातक्षेत्रातलं आणि नाटकातलं मोठं नाव. त्यांना आठवली त्यांची आई. घरात पैशाला तोटा नव्हता, तरी ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय राहायची नाही. पण घासाघीस करणारी बाई नुसतं स्वस्त बघत नाही, माल पारखून घेते. एक टमाटर दाबून बघेल, दुसरं परत ठेवेल. त्या आठवणीतून ललिताजी जन्मली: साडीतली, करारी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी आणि तरीही महाग पावडर घेणारी, कारण थोडी पुरते. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो, हे ती पुरुषाला खडसावून सांगायची. तोवरच्या जाहिरातींतली बाई बहुतेक करून नवऱ्याच्या कॉलरकडं बघून हसायची. ललिताजी हसत नसे. म्हणून ती आपल्याला खरी वाटली.

ललिताजी झालेल्या कविता चौधरींना तुम्ही आणखी एका कामासाठी ओळखता. १९८९ साली दूरदर्शनवर 'उडान' ही मालिका आली होती, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची. ती कविताताईंनीच लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केलं. गोष्ट त्यांच्या बहिणीवरून घेतलेली. कांचन चौधरी पुढं उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाच्या त्या पदावर बसलेली देशातली पहिली बाई. त्या काळात ही मालिका पाहून वर्दी अंगावर चढवायचं मनात घेतलेल्या मुली कितीतरी असतील.

आता बघा, निर्मात बापाची माया आहे, सर्फात आईची पारख आहे. दोन्ही कल्पना घरातल्याच. पण दोन्ही ठिकाणी बाई पुड्यावर आहे, नाहीतर पुडा विकत घेणारी आहे. पुडा बनवणारी आणि पुड्याची मालक ती कुठं आहे?

त्यासाठी गिरगावात जायला लागेल. १५ मार्च १९५९. मुंबईतल्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. फार शिक्षण नाही, घरचं काम आटोपून दुपारी हात रिकामे. ऐंशी रुपये उसने घेतले ते छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून. बायका त्यांना छगनबापा म्हणायच्या. पीठ, मसाला आणून पहिल्या दिवशी चार पुडे पापड लाटले आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकायला दिले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या. मधल्या काळात काय झालं, ते 'लिज्जत' या एका शब्दात येतं.

पण सुरुवातीला तो शब्द नव्हता. सुरुवातीला अडचणीच होत्या, आणि त्या तुमच्या ओळखीच्या आहेत. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं सुकवायचं यंत्र. दुसरी अडचण मालाची. त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला, आणि एक हलका, कमी भावाचा. छगनबापांनी सांगितलं, असं करू नका. एकच पापड करा, आणि त्याची प्रत कधीही उतरू देऊ नका. देणग्या घ्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये.

नावाची गोष्ट १९६२ सालची. पापडाला नाव काय द्यायचं, यासाठी बायकांनी आपसातच स्पर्धा ठेवली. बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रूपारेल यांनी 'लिज्जत' सुचवलं, लिज्जत म्हणजे चव, लज्जत. ते नाव निवडलं गेलं. आज मोठ्या कंपन्या नाव ठरवायला लाखो रुपये मोजतात. इथं पाच रुपयांत, खाटेवर पापड वाळवणाऱ्या एका बाईनं असं नाव दिलं की साठ वर्षं झाली तरी जिभेवर आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत चांगली कल्पना हीच. नाव बाहेरून आणलं नाही, आणि आणायची गरजही पडली नाही.

मग टीव्ही आला आणि पापड खाऊन खदाखदा हसणारा तो ससा आला. ससा केला रामदास पाध्ये यांनी. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारे हे आपले मराठी कलावंत. त्यांच्या वडिलांनी घडवलेला अर्धवटराव तुमच्या आई-आजींनी पाहिला असेल. आता पापड म्हणजे काही साबण नाही की नटीचा चेहरा लावला. पापडात विकायचं ते काय, तर तो आवाज, चावल्यावरचा. तो सशाच्या तोंडी दिला. लहान मुलंही जाहिरात बघायला थांबायची, आणि पापड मागायची.

आता मघाची बिडी आठवा. लिज्जतचं काम चालतं कसं? सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ वजन करून बहिणीला मिळतं. ती घरी नेते, लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी परत आणते. तिथं तपासणी होते, हिशेब होतो. अगदी बिडीसारखंच की! घरी नेऊन करायचं काम, वजनावर माल, परत आणायचं, तपासायचं. फरक कुठं आहे? लिज्जतमध्ये लाटणारी बहीण संस्थेची सभासद आहे. नफा-तोटा तिचाही आहे. पीठ मळणं, तोलणं, पुडे बांधणं हेही बहिणीच करतात, आणि कारभार बघणाऱ्याही त्यांच्यातूनच येतात. पापड नापास करणारीही बहीणच. एकाच प्रकारची मेहनत, पण पुड्यावरचं नाव एका ठिकाणी सट्टेदाराच्या वरच्या मालकाचं, दुसऱ्या ठिकाणी लाटणाऱ्यांचं. लिज्जतमध्ये सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पापड लाटून मनगटं दुखतात, कमाई मोठी नसते. पण मालाची प्रत राखल्याचा फायदा निदान प्रत राखणाऱ्या हातात येतो. २००१ साली बाजारात बनावट लिज्जत पापड सापडले होते. तेव्हा बहिणी त्याविरुद्ध उभ्या राहू शकल्या, कारण नाव त्यांच्या संस्थेचं होतं.

बिडीच्या जाहिरातीचं पुढं काय झालं, तेही सांगते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. २००९ पासून पुड्यावर इशाऱ्याचं चित्र छापावं लागतं. वाघ-टेलिफोनच्या चित्रांवर आता रोगाची चित्रं येऊन बसली. आणि ते बरंच झालं. बिडीनं ओढणाऱ्याची छाती गेली, आणि वळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात आयुष्यभर तंबाखूची धूळ गेली, ती तर कुठल्याच जाहिरातीत कधी दिसली नव्हती. पण धंदा मंदावला की कुणाच्या घरातली चूल आधी मंद होते, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणूनच तर दुसऱ्या कामांची, गटाच्या उद्योगांची गोष्ट आता इतकी निकडीची झाली.

तर आपल्या गटांचे पुडे. प्रदर्शनात मी ते हातात घेऊन बघत असते. माल चांगला असतो, घरचा असतो. पण लेबल बघितलं तर दहापैकी सहा पुड्यांवर तेच लाल फूल, तीच डोक्यावर टोपली घेतलेली बाई, कारण छापणाऱ्याकडं कॉम्प्युटरमध्ये तेच चित्र तयार असतं. काहींवर गटाचं नावच नाही, ज्या व्यापाऱ्यानं माल उचलला त्याच्या दुकानाचं नाव. एका गटानं तर तीन वर्षं चिन्नोर तांदूळ पुरवला, आणि गिऱ्हाइकं आता त्या दुकानदाराच्या नावानं तो तांदूळ मागतात. दुकानदारानं दुसरीकडून माल घेतला तर गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही. चव यांची, आठवण त्याची.

नाव ठरवायचं तर धीरजबेनसारखं आपसातच ठरवा. पाच रुपयांचं बक्षीस ठेवा, आता महागाई आहे, पन्नास ठेवा. आपल्या बोलीतला शब्द घ्या, नदीचं नाव घ्या, बोडीचं, टोलीचं घ्या. म्हातारीला वाचता आलं नाही तरी ओळखता येईल असं एक चित्र ठेवा, बिडीवाल्यांचं ते शहाणपण घेण्यासारखं आहे. पुड्यावर मालाचं नाव, काय काय घातलं, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, खाण्याचा माल असेल तर अन्न परवान्याचा नंबर आणि शाकाहारी मालाची हिरवी खूण, हे लागतंच. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता ही ओळ व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

आणि नाव चाललं, की ट्रेडमार्क नोंदवा. १९९९ चा कायदा आहे. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४५०० रुपये. नोंदणी दहा वर्षं चालते, पुन्हा वाढवता येते. वेगवेगळे गट मिळून संघ केला असेल तर त्याच कायद्यात सामूहिक चिन्हाचीही सोय आहे, म्हणजे संघाच्या सगळ्या सभासदांनी एकच चिन्ह वापरायचं. अर्ज भरायला कुणी मदत करत असेल तर जरूर घ्या, पण अर्जदार म्हणून कुणाचं नाव लिहिलं जातंय, ते वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर गटातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून दोनदा वाचून घ्या. सही त्यानंतर.

तुमच्या गटाच्या मालाला काय नाव आहे आणि ते कुणी सुचवलं, हे आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यातली काही नावं आपण वाचू, सुचवणारीच्या नावासकट.